नऊ डोकी, आठ राज्यं

एका जंगलात सगळं होतं. पाणी होतं, चारा होता, सावली होती. तरी तिथल्या प्राण्यांना करमत नव्हतं. का म्हणाल, तर शेजारच्या जंगलातले प्राणी परदेश बघून आले होते. बाळांनो, आपल्या जेवणानं जेवढं पोट दुखत नाही ना, तेवढं शेजाऱ्याच्या जेवणानं दुखतं.

शेजारचे सात राज्यं बघून आले होते. कुठली? तर समुद्रापलीकडे बाल्कन म्हणून डोंगराळ मुलूख आहे, तिथली. तिथं पूर्वी म्हणे बरंचसं रान एकच होतं. मग भाऊबंदकी शिरली. एकानं काट्यांची वई घातली, ते बघून दुसऱ्यानं घातली. तिसरा म्हणाला, मी काय मेलोय? असं करत करत रानाची राज्यं झाली. आता तिथली शेळी सकाळी चरायला निघाली की दुपारपर्यंत तीन राज्यं फिरते, आणि तिन्हीकडे तिला विचारतात, "कुठली गं तू?"

टिटवीनं हे हेरलं आणि सहल काढली.

"आठ दिवस, आठ राज्यं!" ती झाडाझाडावर ओरडत फिरली. "लहान गट! फक्त नऊ जण! घरच्यासारखं वातावरण! जेवण आपलं!"

'जेवण आपलं' म्हटल्यावर दोन दिवसांत जागा भरल्या.

पहिले सांबरसाहेब. सिंहाच्या दरबारातून निवृत्त झालेले, पण शिंगं अजून नोकरीत असल्यासारखी. त्यांच्या मागे सांबरवहिनी. मग मुंगूसराव आणि मुंगूसवहिनी, चिवड्याचे दोन डबे घेऊन. मग तीन साळिंदर बहिणी, ज्यांच्या शेजारी बसायला कुणी तयार नसे. मग मोर. त्याला देश बघायचे नव्हते, देशांनी त्याला बघावं म्हणून तो निघाला होता. हे झाले आठ.

नववी गजरी म्हैस.

गजरीला राज्यांचं काही पडलं नव्हतं. तिची एक मैत्रीण होती, धवली नावाची पांढरी करकोची. दर थंडीला ती कुठून तरी लांबून उडत यायची. गजरी चिखलातून चालली की बेडूक उडायचे, ते धवली टिपायची. आणि दोघींचं बोलणं असं चालायचं की उरलेले बेडूक पळायचं सोडून ऐकत बसायचे. पण दोन थंड्या झाल्या, धवली आली नव्हती.

धवलीनं सांगितलेलं गजरीला पाठ होतं. "आमच्याकडे डोंगरात तळं आहे बघ. तळ्याकाठी एका म्हातारीचा गोठा. गोठ्याच्या धुराड्यावर माझं घरटं."

टिटवीनं सहलीचं पान वाचून दाखवलं तेव्हा त्यात ते तळं निघालं. सातवा दिवस. फोटोसाठी दहा मिनिटं.

"दहाच?" गजरीनं विचारलं.

"अहो गजरीबाई, तळं ते. तळ्यात बघण्यासारखं काय असतं? पाणी!"

तळ्यात काय असतं हे म्हशीनं टिटवीला कुठून सांगायला सुरुवात करायची?

निघताना टिटवीनं एक मोठं पान पसरलं आणि त्यावर सगळ्यांचे पाय उमटवून घेतले. "हा आपला परवाना. नऊ जणांचा मिळून एक. नऊ आत, नऊ बाहेर. एक जरी कमी भरला तर उरलेल्या आठांनाही नाक्यावरून परत पाठवतात. तेव्हा हरवू नका. हरवायचंच असेल तर घरी आल्यावर हरवा."

देवमाशाच्या पाठीवर बसून समुद्र ओलांडला. पलीकडे एक बारकी बस उभी होती. तुम्ही म्हणाल, जंगलात बस कुठली? अरे, जिथं सहल जाते तिथं बस आधी जाऊन उभी असते.

मग सुरू झाली मोजणी. बसमध्ये चढलं की मोजणी, उतरलं की मोजणी, शी-शू करून आलं की मोजणी. टिटवी मागच्या आसनावर उभी राहायची आणि पाठमोरी डोकी मोजायची. एक, दोन, तीन... नऊ. चला!

दर नाक्यावर एक अस्वल बसलेलं असायचं. ते पान बघायचं, ठप्पा मारायचं आणि कॉफी पाजायचं. लांब दांड्याच्या तांब्याच्या इवल्या भांड्यात उकळलेली, दाट, काळी.

"ही आमची कॉफी," पहिलं अस्वल म्हणालं. "शेजारी करतात ते गढूळ पाणी."

दुसऱ्या राज्यात तेच भांडं, तीच कॉफी. "ही आमची," दुसरं अस्वल म्हणालं. "शेजाऱ्यांनी चोरली."

तिसऱ्या राज्यात मुंगूसराव आपणच म्हणाले, "तुमचीच ना?" अस्वल खूश झालं आणि दोन ठप्पे जास्त मारले.

तिथं पानासारख्या पातळ पापुद्र्यांची, आत चीज भरलेली गरम वळकटी खायला मिळायची. वास असा सुटायचा की बस आपोआप हळू व्हायची. पण आपल्या मंडळींबरोबर स्वयंपाकाला माकड होतं. हजार वर्षांच्या मठाच्या पायथ्याशी त्यानं पोहे केले. मंडळी मठाकडे पाठ करून पोहे खायला बसली.

"आज कोथिंबीर नाही घातली," थोरली साळिंदर म्हणाली.

"काल होती," मधली म्हणाली.

"परवापण होती," धाकटी म्हणाली. त्या मठाबद्दल तिन्ही बहिणींना पुढं एवढंच आठवत राहिलं.

चौथ्या राज्यात एक जुना दगडी पूल लागला. कमानीचा, नदीवर असा वाकलेला जणू आई पाळण्यावर वाकलीय. तिथला वाटाड्या एक म्हातारा काटेरी जाहक होता. तो सांगत होता, "या काठचे आणि त्या काठचे पूर्वी एका ताटात जेवत. मग भांडण पेटलं. ज्यांनी पुलावरून लग्नाच्या वराती नेल्या, त्यांनीच तो पाडला. मागाहून तसाच पुन्हा बांधला. माझा भाऊ त्या काठाला राहिला..."

सगळे गंभीर झाले.

"इथं स्वच्छतागृह कुठंय?" मुंगूसरावांनी विचारलं.

"आमच्याकडचा पूल याच्याहून लांब आहे," सांबरसाहेब म्हणाले.

गजरी एकटी मागे रेंगाळली. "आता जेवतात का हो, आजोबा, एका ताटात?"

जाहकानं तिच्याकडे वर बघितलं. "ताटं वेगळीच आहेत, बाई. पण मीठ संपलं की मागायला येतात."

"मग होईल," गजरी म्हणाली. "मिठापासूनच होतं."

"नऊ! नऊ कुठंय?" बसमधून टिटवी किंचाळली.

सातवा दिवस उजाडला. टिटवीच्या तोंडाला फेस आलेला. आठव्या राज्याचा नाका सूर्य बुडताना बंद होतो. डोंगरात मेंढ्यांनी रस्ता अडवलेला, त्यात दुपार गेली. सांबरसाहेब घड्याळासारखी शेपटी हलवत होते. "शेजारच्यांनी सात केलीत. आम्ही सातवर परत गेलो तर उपयोग काय? घरीच बसलो असतो!"

तळं आलं. बाकीच्यांनी काचेतूनच बघितलं. मोरानं काचेतूनच फोटो काढला, त्यात तळ्यापेक्षा मोर जास्त आला. खाली एकटी गजरी उतरली आणि कधी धावली नव्हती तशी धावली.

गोठा होता. धुराडं होतं. धुराड्यावर घरटं होतं, पण रिकामं. खाली भिंतीला टेकून धवली उभी होती. डावा पंख जमिनीला लागलेला.

"तू?" धवली म्हणाली.

"मग कोण! तू येईनास. म्हटलं आपलं भांडणबिंडण झालं असेल आणि मला आठवत नसेल."

"भांडण झालं असतं तर बरं झालं असतं गं. भांडायला तरी आले असते." तिनं पंखाकडे मान वळवली. "विजेची तार लागली. आमचे सगळे परवाच उडून गेले. जाताना म्हणाले, पुढच्या वर्षी भेटू. खाली बघून म्हणाले."

"आणि थंडीत काय करतेस?"

"धुराड्याला चिकटून बसते. मागच्या बर्फात पायाची दोन बोटं गेली. या बर्फात बघू काय जातं ते."

"गोठ्यात जा की!"

"गोठ्यात ल्युबा आहे. इथली म्हैस. वाईट नाही हो ती. पण पिसाचा वास आला की शिंकत सुटते. जागा एका म्हशीपुरतीच. ती तरी काय करणार?" धवलीनं विषय बदलला. "ते राहू दे. किती दिवस आहेस?"

गजरीनं मागे बघितलं. टिटवी पंख फडफडवत ओरडत होती, "सहा मिनिटं झाली! चारच राहिली!"

गजरीला तोंडातून तो आकडा काढता येईना. ती हळूच तळ्यात शिरली आणि बसली.

बाळांनो, म्हैस पाण्यात बसली की तिला उठवायला देव आला तरी तो काठावरच उभा राहतो.

"गजरीबाई! उठा!" टिटवी डोक्यावर घिरट्या घालायला लागली.

बसच्या खिडक्या धडाधड उघडल्या. "गजरीबाई, चला हो!" मुंगूसवहिनी ओरडल्या. "घरीसुद्धा आहे की चिखल!"

"मी 'आठव्या राज्यातून नमस्कार' असं लिहून फोटो कधीच टाकलाय!" मोर कळवळला. "आता मी काय करू?"

"थोडं टोचून बघू का?" धाकट्या साळिंदरीनं प्रेमानं विचारलं.

गजरीनं डोळे मिटले. उठावं तर ही या बर्फात मरणार. बसून राहावं तर परवान्यात एक कमी, आणि आठही जण नाक्यावरून परत. त्यांनी तिचं काही वाकडं केलं नव्हतं. मुंगूसवहिनींनी तर रोज चिवडा दिला होता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण पाण्यात बसलेल्या म्हशीचं ते कुणाला दिसणार?

टिटवी सांबरसाहेबांना विचारायला बसकडे उडाली. तेवढ्यात गोठ्यातून एक म्हैस रवंथ करत बाहेर आली. हीच ल्युबा. तिला आपल्या जंगलाची बोली येत नव्हती, पण म्हशीचं हंबरणं म्हशीला सगळीकडे कळतं. राहिलेलं धवलीनं दोन्हीकडे सांगितलं.

ल्युबानं ऐकून घेतलं. मग ती बसकडे बघत म्हणाली, "बारा वर्षं मी या बस बघतेय. येतात, ओरडतात, पळतात. इतके पळतात त्याअर्थी पुढं काहीतरी असणार. मला ते बघायचंय. माझी जागा तू घे, तुझी मी घेते."

"अगं, पण ओळखतील ना!" गजरी म्हणाली. "सात दिवस एका बसमध्ये होतो आम्ही."

ल्युबा सरळ चालत गेली, बसमध्ये चढली आणि रिकाम्या जागेवर बसली.

गजरीनं श्वास रोखला. मागच्या आसनावर टिटवीची मान वर आली.

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ... नऊ! आल्या बाई एकदाच्या! चला!"

बस धूळ उडवत निघून गेली. गजरीनं श्वास सोडला. सुटका झाली म्हणून आनंद झाला आणि कुठं तरी थोडं लागलंही. "एकानंही ओळखलं नाही गं," ती धवलीला म्हणाली. "मुंगूसवहिनींनीसुद्धा नाही."

बसमध्ये मुंगूसवहिनींनी ल्युबापुढे चिवडा धरला. ल्युबानं तोंडभर घेतला आणि मिरची लागून तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"तळं बघून मन भरून आलं हो त्यांचं," वहिनी म्हणाल्या. "हळव्याच आहेत पहिल्यापासून."

नाक्यावर अस्वलानं पान बघितलं. म्हशीचा खूर, म्हशीचा खूर. ठप्पा. सूर्य बुडायच्या आत मंडळींनी आठव्या राज्यात पाऊल टाकलं, नाक्याच्या पाटीला टेकून फोटो काढला आणि पाऊल परत घेतलं. आठ झाली.

इकडे दिवेलागणीच्या आधी म्हातारी बादली घेऊन गोठ्यात आली. म्हशीच्या कपाळावर हात ठेवला आणि थबकली. डोळ्यांनी तिला कमीच दिसायचं. तिनं कपाळ चाचपलं, कान चाचपला, मग शिंगाचं वळण. "तू माझी नव्हेस," ती म्हणाली. मग हाताला पिसं लागली. म्हशीच्या कुशीत धवली बसलेली. म्हातारीनं थोडा विचार केला, आणि गव्हाणीत आणखी एक पेंढी टाकली.

सहल घरी परतली तेव्हा जंगलात मोठा सत्कार झाला. सांबरसाहेबांनी आठ राज्यांवर भाषण केलं. त्यात आठ वेळा कॉफी आली. मग सगळे गजरीबाईंना बोला म्हणाले. ल्युबाला एक शब्द कळला नाही. तिनं सगळ्यांकडे शांतपणे बघितलं आणि रवंथ करत राहिली.

सभा थक्क झाली.

"बघा, परदेशानं केवढी सुधारणा होते," सांबरवहिनी कुजबुजल्या. "पूर्वी किती बडबडायच्या! आता कसं मोजकं. मोजकंसुद्धा नाही."

"रंगपण उजळलाय," मधली साळिंदर म्हणाली.

टिटवीनं तिथल्या तिथं पुढच्या सहलीची नावं घ्यायला सुरुवात केली. ल्युबा मात्र उठली. बारा वर्षं जे बघायचं होतं ते पुढं कुठं आहे, हे शोधत ती जंगल पार करून गेली. पलीकडे एक तळं होतं. तिनं इकडे तिकडे बघितलं, आणखी काही नव्हतं. मग ती त्यात बसली.

तात्पर्य : सहलीला गेलं की सोबतच्यांच्या तोंडाकडे बघत बसू नये. मोजणी चुकते.