आमचे मैंद डॉक्टर

‘मैंद’ या शब्दाचा खरा अर्थ जावयाला कळला, तेव्हा तो शब्द पितळेवर कोरून, स्क्रूने आवळून भिंतीवर लागलासुद्धा होता.

त्या दिवशी जावयाने रजा घेतली होती. संध्याकाळी सासऱ्यांचा निरोपसमारंभ होता. सासरे दातांचे डॉक्टर. अर्धं आयुष्य लोकांच्या जबड्यांत डोकावण्यात घालवून ते आता दवाखाना थोरल्या मुलीच्या हवाली करणार होते. दवाखान्यातच चहापाणी, दोन शब्द आणि पितळी पाटीचं अनावरण, असा बेत होता. पाटीवरचा मजकूर लिहायचं काम सासूबाईंनी जावयाकडे सोपवलं होतं. कारण काय, तर घरात डॉक्टरांच्या खालोखाल वाचणारा माणूस म्हणजे जावई.

हा लौकिक पहिल्यापासूनच जावयाला महागात पडत आला होता. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, “काय वाचता?” जावई लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत. तो खरं तेच बोलला, “लिफ्टचं मॅन्युअल.” सासरे उठले. आत गेले आणि विटेएवढी जाड, जुनी कादंबरी घेऊन आले. “ही वाचा. मग बोलू. आणि हो, शब्द अडला तर कोश उघडू नका. पुढे वाचत राहा, अर्थ आपोआप कळतो.”

जावई वाचत राहिला. कादंबरीत एक म्हातारा होता. वाटसरूंना सावलीत बसवायचा, पाणी द्यायचा, थकल्याभागल्यांचे पाय चेपायचा. बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याला डुलकी लागावी. विहिरीवरची एक बाई त्याच्याकडे बघून हळूच म्हणते, “अगं बाई, हा तर मैंद!” हे वाचून जावयाने म्हाताऱ्याला मनोमन हात जोडले होते. अर्थ आपोआप कळला होता. पुढे कंपनीने त्याला नव्या इमारतीच्या कामाला जुंपलं आणि कादंबरी त्याच पानावर मिटली गेली ती मिटलीच.

पाटीवर त्याने लिहिलं: ‘दुखणाऱ्यांशी गोड बोलणारे, भित्र्यांना धीर देणारे, आमचे मैंद डॉक्टर.’ बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मस्त! जुन्या वळणाचं वाटतं. बाबा खूश होतील.”

आणि आज, संध्याकाळी सासऱ्यांनी विचारलंच तर चार वाक्यं बोलता यावीत म्हणून, दाढी आटोपल्यावर त्याने कादंबरी उघडली. पुढचंच पान. वाटसरूला झोप लागते. म्हातारा त्याचे पाय चेपायचं थांबवतो, खांद्यावरचा रुमाल काढतो, नीट पीळ देतो आणि तो त्या गरिबाच्या गळ्याभोवती आवळतो.

जावयाचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याकडे गेला. मग मात्र त्याने कोश उघडला. ‘मैंद: गोडगोड बोलून, साधुपणाचा आव आणून लुबाडणारा, ठक, भोंदू.’

“अगं ए!” त्याने हाक मारली. बायको ओल्या केसांनीच बाहेर आली. तिने कोश वाचला, कादंबरीचं पान वाचलं आणि ती मटकन खाली बसली.

“तू माझ्या बाबांना भोंदू म्हणालास?”

“मी नाही. पाटी म्हणतेय.”

“पाटी कुणी लिहिली?”

जावयाला तेवढ्यात आणखी एक गोष्ट आठवली. परवाच साहेबांच्या वाढदिवसाला, सगळ्या ऑफिससमोर, तो म्हणाला होता, “तुमच्यासारखा मैंद माणूस मी पाहिला नाही.” साहेबांनी त्याला मिठी मारली होती.

“साहेबांचं राहू दे,” बायको म्हणाली. “आधी पाटी. ऊठ!”

दोघं पाट्या कोरणाऱ्याच्या दुकानात धावत गेले. कोरणारा चष्मा कपाळावर चढवून शांतपणे ऐकत होता.

“दुसरी पाटी आजच्या आज मिळेल?”

“शक्य नाही.”

“मग तो शब्द तेवढा खोडता येईल?”

“पितळेत भर घालता येते साहेब, खोडता येत नाही.” त्याने कागदावर शब्द लिहून निरखला. “एक काना देऊ का? मैंदा.”

“आमचे मैंदा डॉक्टर?” बायको किंचाळली.

“आडनाव वाटेल लोकांना.”

“माझ्या वडलांना आडनाव आहे!”

“बरं, मग खाली एक ओळ वाढवू. ‘हे मैंद नव्हेत.’”

जावयाला क्षणभर हे पटलं. मग डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. दुखरा गाल धरून माणूस दवाखान्यात येतो, समोर वाचतो की इथले डॉक्टर भोंदू नाहीत, आणि आल्या पावली निघून जातो. “नको,” तो म्हणाला. “पाटीच काढतो.”

स्क्रू काढणं हा त्याच्या हातचा मळ होता. स्क्रूड्रायव्हर खिशातच असायचा. ठरलं असं की, बायकोने आत जाऊन थोरल्या बहिणीला बोलण्यात गुंतवायचं, तोवर जावयाने पाटी उतरवायची आणि संध्याकाळी सगळ्यांना सांगायचं की पाटी तयारच झाली नाही.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पाटीवर निळं कापड टाकलेलं होतं. बाकावर गाल सुजलेल्या एक आजी तेवढ्या बसल्या होत्या. आतून मेहुणीचा आवाज येत होता, “अगं, आत्ता कशाला आलीस? माझ्या हातात पेशंट आहे!” जावई खुर्चीवर चढला. कापडाखाली हात घालून त्याने पहिल्या स्क्रूचा अंदाज घेतला.

“जावईबापू!”

खाली सासरे उभे होते. पांढरा कोट, हात मागे बांधलेले.

“काय करताय?”

“दा... दाढ दुखतेय, बाबा.”

“दाढ दुखते म्हणून खुर्चीवर चढलात?”

“उंचावर गेलं की जरा कमी वाटतं.”

गाल सुजलेल्या आजी हे ऐकून उठल्या आणि आशेने दुसऱ्या खुर्चीकडे बघू लागल्या. सासऱ्यांनी जावयाच्या कोपराला धरून त्याला अलगद खाली उतरवलं. “माझा शेवटचा पेशंट घरचाच निघाला म्हणायचं. चला, आत चला.”

“नको नको, आता थांबली.”

“मला बघितलं की सगळ्यांचीच थांबते. चला.”

जावई सासऱ्यांच्या खोलीतल्या खुर्चीत आडवा झाला. वर दिवा लागला. सासऱ्यांनी आरसा घालून तोंडात सगळीकडे फिरवला आणि ते “अरेरे” म्हणाले. डॉक्टरने तोंडात बघून “अरेरे” म्हटल्यावर माणसाचं काय होतं ते सांगायला नको.

“ही शेवटची दाढ. काढावी लागणार.”

“आत्ता?”

“आता डोळे मिटा. तुम्हाला काहीही कळणार नाही. मुंगी चावल्यासारखं वाटेल, तेही वाटणार नाही. लहान मुलं या खुर्चीत गोष्ट ऐकत झोपून जातात. श्वास घ्या. सोडा. शाब्बास.”

तो आवाज मधासारखा होता. जावयाने डोळे घट्ट मिटले. हिरडीला काहीतरी गार लागलं, मग जीभ जड झाली, मग गाल कुणा दुसऱ्याचाच असल्यासारखा झाला. कुठेतरी भांड्यात टणकन काहीतरी पडलं. “झालं!” सासरे म्हणाले. “बघू नका, चक्कर येईल. हा औषधाचा कापूस दाबून धरा. संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही. आणि इथून हलायचं तर मुळीच नाही. त्या कोचावर पडून राहा.”

जावई पडून राहिला. बायको आत डोकावली. त्याने बाहेर पाटीच्या दिशेने बोट दाखवलं, स्क्रू फिरवल्याची खूण केली. तिला वाटलं, दाढ कशी काढली ते सांगतोय. “बिचारा!” म्हणून तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. नंतर तिने स्वतःच प्रयत्न करायचं ठरवलं, पण तोवर सासूबाई फुलं घेऊन आल्या आणि पाटीच्या बरोबर खाली टेबल मांडून बसल्या.

संध्याकाळी बाहेरची खोली गच्च भरली. जावयालाही आणून बाकावर बसवलं. जुने पेशंट, शेजारचा औषधवाला, मेहुणीच्या मैत्रिणी. सासूबाईंनी निळं कापड ओढलं. जावयाने कापूस चावला. लोकांनी पाटी वाचली. मग टाळ्यांचा कडकडाट.

“वा! काय शब्द शोधलाय!” औषधवाला म्हणाला.

“अगदी खरं,” एक जुने पेशंट उठून उभे राहिले. “माझ्या आयुष्यात असा मैंद माणूस दुसरा भेटला नाही.” त्यांचे डोळे पाणावले होते. पाठोपाठ मेहुणीने भाषणात हात जोडून सांगितलं, “मीही बाबांसारखीच मैंद होण्याचा प्रयत्न करीन.” पुन्हा टाळ्या. जावयाची बायको चहाच्या कपात तोंड लपवून बसली होती. तिचे खांदे हलत होते, पण ती रडतेय की हसतेय ते त्याला दिसेना.

तेवढ्यात मागून एका मुलीने विचारलं, “पण मैंद म्हणजे नक्की काय?”

सासऱ्यांनी पाटीकडे सावकाश पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “लिहिलं ज्यांनी, त्यांना विचारू या. काय हो, जावईबापू?”

सगळ्या माना वळल्या. “म्हंफ्,” जावई म्हणाला. “म्हंफ् फू.”

“त्यांची दाढ काढली आहे,” सासऱ्यांनी खुलासा केला. “मीच सांगतो. फार जुना शब्द. हल्ली कुणी वापरत नाही. गोड बोलून आपलं काम साधणारा, तो मैंद.” सगळ्यांनी माना डोलावल्या. सासूबाईंनी तर जावयाकडे अशा कौतुकाने पाहिलं की, त्याला जमीन दुभंगावी असं वाटलं.

पांगापांग झाल्यावर सासऱ्यांनी त्याला आत बोलावून दार लोटलं. “तोंड उघडा.” चिमट्याने कापूस निघाला. बोलायची मुभा मिळताच जावई हात जोडून सुरू झाला, “बाबा, माझी चूक झाली. मी अर्धीच वाचली होती. म्हातारा पाय चेपत होता तिथपर्यंतच. अपमान करायचा नव्हता हो!”

“ठाऊक आहे. सकाळीच कापड उचलून पाटी वाचली मी. इथे या स्टुलावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. आयुष्यभर लोकांना ‘दुखणार नाही, दुखणार नाही’ म्हणत आलो. दुखतं हो! माझ्याबद्दल इतकं खरं कुणी लिहिलं नव्हतं. आणि मग बघतो तर तुम्ही स्क्रूड्रायव्हर घेऊन खुर्चीवर.”

“म्हणजे पाटी राहू द्यायची?”

“राहणारच. ज्या पेशंटला तिचा अर्थ कळेल, त्याला माझ्याकडे घरी पाठवा म्हणून सांगितलंय थोरलीला. बोलायला माणूस मिळेल.”

जावयाच्या छातीवरचं ओझं उतरलं. गालाचा बधिरपणाही आता ओसरत होता. दाढेच्या जागी किती मोठा खड्डा पडलाय ते बघावं म्हणून त्याने भीत भीत जीभ मागे सरकवली. खड्डा सापडेना. त्याने पुन्हा चाचपलं. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने.

दाढ जागेवर होती.

“बाबा,” तो म्हणाला, “ते इंजेक्शन?”

“मलम,” सासरे कोट काढता काढता म्हणाले. “डोळे मिटले होते तुम्ही.”