हँडल धरून बोला!

मी काही साधीसुधी डॉक्टर नाही! पेशंट दारातून आत येऊन खुर्चीत टेकेपर्यंत माझं निम्मं निदान झालेलं असतं. कोण खरंच लंगडतंय आणि कोण नुसतं ऑफिसला दांडी मारायला सर्टिफिकेट मागायला आलंय, हे मी चालीवरून ओळखते. बावीस वर्षं एकाच खोलीत बसून दुसरं केलंय काय?

हरले ती फक्त टेलरकाकांपुढे.

टेलरकाकांचं दुकान दवाखान्यासमोरच, जिना चढून पहिल्या मजल्यावर. वय एकोणसत्तर, गळ्यात कायम टेप. दर मंगळवारी साडेअकराला ते गुडघा घेऊन यायचे. मी गुडघा दाबायची, गोळी लिहून द्यायची. ते उठायचे, दाराच्या हँडलवर हात ठेवायचे आणि वळून म्हणायचे, "आणि हो, डॉक्टरबाई..."

"काय काका?"

"काही नाही. जाऊ दे!"

असे चार मंगळवार गेले आणि त्या 'जाऊ दे'नं माझं डोकं पोखरलं. कारण फॅमिली डॉक्टरच्या धंद्यातलं एक गुपित सांगते. माणूस खुर्चीत बसून दहा मिनिटं सर्दीवर बोलतो, आणि निघताना हँडल धरून म्हणतो, "आणि हो, काल चक्कर येऊन पडलो होतो!" खरा आजार दारातच बाहेर पडतो.

मग मला एक नामी युक्ती सुचली. हँडल धरल्यावरच जर माणसं खरं बोलतात, तर सुरुवातच हँडलपासून का करू नये?

"अण्णा, पेशंटची खुर्ची दाराला चिकटवून ठेवा. प्रत्येकानं हँडल धरूनच बोलायचं!"

अण्णा म्हणजे आमचे कंपाउंडर. आधीच्या डॉक्टरांनी दवाखाना मला दिला तेव्हा कपाटांबरोबर अण्णाही मिळाले. ते मला कधी 'का' विचारत नाहीत. पण पेशंट त्यांना 'का' विचारतात, आणि 'मला माहीत नाही' हे वाक्य अण्णांनी जन्मात उच्चारलेलं नाही.

सोमवारी प्रयोग दणक्यात यशस्वी झाला! खोकला घेऊन आलेल्या बस ड्रायव्हरनं हँडल धरलं आणि दोन महिने बीपीच्या गोळ्या बंद केल्याचं एका दमात सांगून टाकलं. मी दिवसभर हवेत!

मंगळवारी सकाळी बघते तर बाहेर दुप्पट गर्दी.

"अण्णा, कसली साथ आली की काय?"

"छे हो बाई! नवीन मशीनवर तपासून घ्यायला आलेत."

"कुठलं मशीन?"

"हँडल! लोक विचारत होते, ते धरायचं कशाला? मी म्हटलं, त्याशिवाय आजार बाहेर येत नाही. खोटं सांगितलं का काही?"

एक अक्षर खोटं नव्हतं, तिथंच तर पंचाईत होती! एकीनं हातातल्या बांगड्या उतरवून ठेवल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका बाई तर दोन्ही हात साबणानं धुऊन आत आल्या, हँडल गच्च धरलं आणि म्हणाल्या, "रात्रीपासून काही खाल्लेलं नाही. रिपोर्ट कधी मिळेल?"

"बाई, हे साधं हँडल आहे."

"मला सगळं माहीत आहे. ज्याला त्याला सांगून कसं चालेल!" असं म्हणून डोळा मिचकावून त्या बाहेर गेल्या.

साडेअकराला टेलरकाका आले. मी दार लावलं.

"बोला काका."

"गुडघा."

"हँडल नीट धरा बघू."

"धरलंय की!"

नेमक्या त्याच क्षणी बाहेर मुख्याध्यापिका बाईंच्या मनात आलं की तपासणी एकदा पक्की करून घ्यावी. त्यांनी बाहेरचं हँडल धरलं. काकांना वाटलं, कुणी घुसतंय. त्यांनी आतून ओढलं, बाईंनी बाहेरून. शाळा चालवलेले हात ते! खाडकन आवाज झाला आणि दोघांच्या हातात एकेक हँडल आलं. दार मात्र जागच्या जागी, घट्ट बंद!

"डॉक्टर!" बाहेरून बाई ओरडल्या. "माझ्या हातातच आलं हो! म्हणजे जास्त निघालं का?"

आत काका कधी हँडलकडे बघत होते, कधी दाराकडे. "म्हणजे आता मला जाता येणार नाही?"

"सुतार येईपर्यंत नाही."

काकांनी हँडल छातीशी धरलं. "आणि हो, डॉक्टरबाई..."

"जाऊ दे म्हणालात तर बघा! जायला वाटच नाही!"

"महिना झाला," काका हळूच म्हणाले. "दुकानाचा जिना चढलो की छातीवर तापलेली इस्त्री ठेवल्यासारखं होतं. थांबलो की जातं. आता तर पाचव्या पायरीलाच होतं."

"अहो, मग महिनाभर मला गुडघा काय दाखवताय?"

"छाती दाखवली असती तर तुम्ही मुलीला फोन केला असता. तिला निमित्तच हवंय. बाबा, पुरे झालं म्हणेल आणि मशीन विकून टाकेल. मशीनशिवाय मी दिवसभर करू काय, डॉक्टरबाई?"

त्यांचे डोळे भरून आले, आणि मला माझीच लाज वाटली. पहिल्या मजल्यावर दुकान असलेल्या माणसाला मी जिन्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं!

पण रडायला वेळ नव्हता. मी कपाटातली ॲस्पिरिनची गोळी काढून त्यांना चावायला लावली. ईसीजीचं मशीन मात्र बाहेरच्या खोलीत!

"अण्णा! मशीन घेऊन रस्त्यावरच्या खिडकीशी या! आणि ॲम्ब्युलन्सला फोन!"

खिडकीच्या गजांतून मशीन काही आत येईना, वायरी मात्र आल्या. मी टाचा उंचावून डाव्या हातानं त्या ओढून घेतल्या. बाहेर अण्णा मशीन पोटाशी धरून उभे, भोवती सगळी रांग! कागद बाहेर निघाला आणि चार जणांच्या हातांतून फिरून माझ्याकडे आला. आत येईपर्यंत त्यावर चर्चाही झाली होती.

"फारच वर-खाली होतंय हो!"

"आमच्या सासूबाईंचं असंच आहे, पण तो स्वभाव!"

मी कागद बघितला. हृदयाला रक्त कमी पडत होतं. "दार उघडा!" मी ओरडले.

देव पावला! रांगेत कंबरदुखीवाला सुतार होता. पण तो दारापाशी येऊन नुसताच उभा.

"डॉक्टर, कुलूप कमरेच्या खाली आहे. तुम्हीच वाकायचं नाही म्हणून सांगितलंय."

"वाका!"

"लिहून देता का?"

"अहो, वाका!!"

दार उघडलं, काका ॲम्ब्युलन्समधून गेले. दुपारी हृदयाच्या डॉक्टरांचा फोन आला. "पेशंट अगदी वेळेवर पाठवलात. नळी उघडलीय, तब्येत उत्तम. फक्त एक शंका आहे. हातातलं दाराचं हँडल ते कुणाला देत नाहीयेत. म्हणतात, डॉक्टरबाईंनी नीट धरायला सांगितलंय!"

मुलगी आधी चिडली, मग रडली. मी तिला समजावलं, आणि शेवटी तिनंच शिलाईचं मशीन तळमजल्यावरच्या रिकाम्या गाळ्यात आणून बसवलं. आता काकांना एकही पायरी चढावी लागत नाही.

सात आठवड्यांनी, मंगळवारी, बरोबर साडेअकराला काका हजर! एका हातात माझं हँडल, दुसऱ्या हातात कोरा करकरीत पांढरा ॲप्रन.

"तुमच्यासाठी शिवलाय. नव्या जागेतलं पहिलं काम."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! ॲप्रन अगदी मापात बसला.

"बाकी तुमची तब्येत कशी, डॉक्टरबाई?"

"एकदम मस्त! मला काय धाड भरलीय?"

काकांना सोडायला मी दारापर्यंत गेले. दार उघडायला नवीन हँडल धरलं, आणि माझं तोंड आपोआप उघडलं. "आणि हो, काका..."

"काय?"

"काही नाही. जाऊ दे!"

काकांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "उजवा खांदा ना? त्या दिवशी वायरी डाव्या हातानं ओढल्यात, तेव्हाच ओळखलं. म्हणून उजवी बाही अर्धा इंच सैल ठेवलीय. आता एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवून या. आणि तिथं जाऊन गुडघा दाखवू नका!"