अध्यक्षांच्या परवानगीने

आमच्या समोरच्या बिल्डिंगमधले साळवीकाका टीव्हीसमोर हात वर करून बसतात. टीव्हीवर चर्चा चालू असते, आठ चौकटींतली आठ माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात असतात, आणि इकडे काका खुर्चीत ताठ बसून, उजवा हात वर धरून, आपली पाळी यायची वाट बघत असतात. आमच्या बाल्कनीतून त्यांचा अर्धाच हॉल दिसतो. त्या अर्ध्यात काका आणि टीव्हीचा एक कोपरा एवढंच येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, खांदा आखडला असेल, कोणीतरी व्यायाम दिला असेल. नवरा म्हणाला, "अगं, व्यायाम करताना कोणी 'अध्यक्षांच्या परवानगीने' असं म्हणतं का?" खिडकी उघडी होती, आणि काका खरंच तसं म्हणत होते.

हे त्यांचं पालुपद. केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यात बैठकांची इतिवृत्तं लिहिण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून दिल्लीतल्याच द्वारकेच्या या सोसायटीत आले, पण बैठकीतून काही उठले नाहीत. लिफ्टमध्ये शिरताना आधी हात वर. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काही म्हणायचं असेल तर हात वर केल्याचं चित्र टाकतात आणि थांबतात. त्यांच्या हातावर बघता बघता लोकांच्या भांडणाचा ढीग साचतो, आणि तो हात खाली कुठेतरी गाडला जातो. भाजीवाल्यालासुद्धा म्हणतात, "अध्यक्ष महोदय की अनुमति से, भिंडी क्या भाव?" तो त्यांना नेताजी म्हणतो आणि मूठभर धनिया फुकट देतो.

आता हे अध्यक्ष कोण, तर शोभाकाकू. काकू दिल्लीतल्या एका शाळेत गणित शिकवायच्या. घरातही हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही, हा नियम त्यांचाच. काकांनी हात वर करायचा, "अध्यक्षांच्या परवानगीने" म्हणायचं, आणि काकूंनी पोळी लाटता लाटता म्हणायचं, "बोला, पण थोडक्यात." आमच्या मराठी मंडळात दोन बायका एकदम बोलायला लागल्या की काकू टेबलावर हात आपटायच्या. "एकेकीने बोला," एवढंच म्हणायच्या, आणि खरंच सगळ्या गप्प व्हायच्या. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, हळूहळू हातपायही हलायला लागले, पण वाचा गेली ती गेलीच. तेव्हापासून काका येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातच भेटतात. आत या म्हणत नाहीत.

आणि तेव्हापासूनच त्यांचा तो एक साधा प्रश्न सुरू झाला. "माझा एक साधा प्रश्न आहे" असं म्हणून ते उभे राहतात, आणि पुढे काही म्हणायच्या आत दुसरं कोणीतरी बोलायला लागतं. हे थांबतात. सरकारी सवय, मधे तोंड घालायचं नाही. तो प्रश्न काय आहे, हे यंदाच्या गणपतीपर्यंत कोणी ऐकलेलं नव्हतं.

यंदा आरोग्य सुधारणांचं नवं धोरण येणार म्हणून जो गदारोळ उठला, त्याने माझं तर डोकंच उठलं. गुडगावला ऑफिसच्या कँटीनमध्ये तेच, मेट्रोत तेच, सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी उठल्याबरोबर तेच. एक म्हणतो सगळं फुकट पाहिजे, दुसरा म्हणतो तुझ्या बापाचा माल आहे का. एक म्हणतो सरकारी हॉस्पिटलं सुधारा, दुसरा म्हणतो मग तू तिथे का नाही जात. पाच मिनिटांत कोण देशद्रोही, कोण विकला गेलेला, इथपर्यंत गाडी पोचते. सगळ्यांना तोंडं आहेत, कान एकालाही नाहीत. यात आजारी माणूस कुठे आहे म्हणून शोधायला जावं तर सापडत नाही. मी तर ग्रुप म्यूट करून टाकला.

आणि अशात आमच्या मंडळाला अवदसा आठवली. गणपतीत या वेळी गाणी नकोत, परिसंवाद ठेवू. विषय, आरोग्य सुधारणा. मी कार्यवाह, म्हणजे हॉल, माइक आणि मसालेभात माझ्या गळ्यात. अध्यक्ष म्हणून दोन मोठ्या लोकांना विचारलं, दोघंही पुण्याला निघाले होते. मग कोणीतरी म्हणालं, अरे, साळवी आहेत ना, त्यांना अध्यक्षपदाची आवडही आहे.

मी सांगायला गेले, तर काका दारातच उभे. ऐकून खूश झाले, मग एकदम काळजीत पडले. "नीलिमाबाई, मीच अध्यक्ष झालो तर परवानगी कोणाची घ्यायची?"

मी म्हटलं, "काका, तुम्हीच तुम्हाला द्या. एकदाचा तो तुमचा प्रश्न विचारून टाका."

"काय सांगता," ते म्हणाले. "खरंच की. अध्यक्षाला कोण अडवणार." परिसंवादाच्या दिवशी ते इस्त्रीचा जुना बंद गळ्याचा कोट घालून आले. दिल्लीच्या त्या उकाड्यात. काकूंजवळ शेजारच्या बाईंना बसवून आले होते.

परिसंवादाचं काय सांगू. दोन डॉक्टर होते, एक विम्यातले गृहस्थ होते, आणि यूपीएससीचा अभ्यास करणारी करोलबागची मुलं मसालेभाताच्या वासाने आली होती. पहिला वक्ता बोलला. दुसरा बोलायच्या आधीच मागून कोणीतरी उठला. मग पुढून उठला. विम्यातले गृहस्थ म्हणाले, मला बोलू द्या, तर एक डॉक्टर म्हणाले, तुम्ही लोकांनीच वाट लावलीय. कोणीतरी माइक ओढला, कोणीतरी सोडेना. एवढीशी आमची मंडळी, वर्षातून चारदा भेटणारी, आणि एकमेकांची खानदानं काढायला लागली. काका खुर्चीत बसून घंटी हातात धरून होते. ते वाजवत होतेही, पण ती पूजेतली घंटी, ती कोणाला ऐकू जाणार.

शेवटी स्वयंपाकघरातून निरोप आला की भात गार होतोय. त्याबरोबर भांडण जागच्या जागी थांबलं आणि सगळे पानांकडे पळाले. आपल्याकडे अध्यक्षीय समारोप सगळ्यात शेवटी असतो. हे ज्याने कोणी ठरवलं, त्याला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. काका उठले, माइकपाशी आले, समोर बघितलं. रिकाम्या खुर्च्या आणि मी.

आणि त्या माणसाने हात वर केला. "अध्यक्षांच्या परवानगीने," म्हणाले, आणि थांबले. मग म्हणाले, "जाऊ द्या. नीलिमाबाई, तुम्हीही जेवून घ्या."

मी म्हटलं, "मी नाही जाणार. विचारा."

"साधाच आहे हो," ते माइकमध्येच म्हणाले, आणि तो आवाज सगळ्या हॉलभर घुमला. "हॉस्पिटलात भरती झालेल्या माणसाचा खर्च कोणी द्यायचा, यावर एवढे सगळे भांडतात. भांडू देत. पण जो बरा झाला म्हणून घरी पाठवला, आणि ज्याला बोलता येत नाही, त्याला बोलतं करायला कोण येणार? हॉस्पिटलातून बोलायला शिकवणाऱ्या बाई चार वेळा येऊन गेल्या, पुढचं तुम्ही घरीच करा म्हणाल्या. कुठल्याही योजनेत घरी शिकवणं बसत नाही. मी इतिवृत्तं लिहीत होतो हो. मला काय शिकवता येतंय?"

आत पंगतीत कोणीतरी पुन्हा त्याच विषयावरून तावातावाने बोलत होतं आणि बाकीचे जिलबी मागत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरलेली जिलबी डब्यात घालून मी त्यांच्याकडे गेले. दार ढकलून सरळ आत शिरले. टीव्ही मोठ्याने लागलेला, तीच आठ चौकटींतली माणसं, आणि काका हात वर करून बसलेले. आणि आमच्या बाल्कनीतून जो अर्धा हॉल कधी दिसत नाही, त्यात, टीव्हीला अगदी लागून, काकूंची खुर्ची. काका टीव्हीकडे बघतच नव्हते. हात काकूंसाठी वर होता.

"अध्यक्षांच्या परवानगीने," काका म्हणाले आणि थांबले. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "त्या शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, जो शब्द रोज तोंडात असायचा तोच आधी येईल. म्हणून 'बोला' घेतलाय."

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. ओठ जरा हलले, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

मला राहवेना. "काका, मग हा टीव्ही तरी बंद करा ना. या आरडाओरड्यात त्या काय बोलणार?"

"अहो, तो तिच्यासाठीच लावतो," काका म्हणाले. "नाहीतर मला काय करायचीय ही चर्चा. सगळे एकदम ओरडायला लागले की तिला सहन व्हायचं नाही. टेबल आपटायची. तुम्ही बघितलंय की. म्हटलं, हौसेने नाही बोलत, निदान चिडून तरी बोलेल. म्हणून शोधून शोधून सगळ्यात वाईट भांडणारा चॅनल लावतो."

टीव्हीवर कोणीतरी कोणाला तरी चालतं व्हायला सांगत होतं. काकूंनी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि इतकं गोड हसल्या. डब्याकडे बोट केलं. मी जिलबीचा तुकडा त्यांच्या हातात दिला आणि त्या शांतपणे खाऊ लागल्या. त्या मुळीच चिडल्या नव्हत्या.

काकांनी रिमोट घेतला, आवाज आणखी वाढवला, आणि हात पुन्हा वर केला.