शैलजाताईंचा रिकामा वर्ग

शैलजाताई सबनीस रिकाम्या वर्गाला गणित शिकवायच्या. पुटपुटत नसत, सराव करत नसत. चांगल्या खणखणीत आवाजात, फळ्यावर ठसठशीत अक्षर काढून शिकवायच्या. मध्येच मागे वळून जर्मनमध्ये "इथपर्यंत कळलं का?" असं विचारायच्या आणि उत्तरासाठी थांबायच्यासुद्धा. समोर नुसत्या खुर्च्या असायच्या.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात बटाट्यांची पिशवी होती. आमची इरा जिथे शिकते ती शाळा जर्मनीतल्या बॉबलिंगेनजवळच्या एका गावात, जुन्या फर्निचरच्या कारखान्यात भरते. मुलं शंभरसुद्धा नाहीत. पालकांनीच काढलेली शाळा, त्यामुळे प्रत्येक पालकाला काहीतरी काम अंगावर घ्यावंच लागतं. माझ्या वाट्याला बुधवारचं स्वयंपाकघर आलं, त्याचे बटाटे मी मंगळवारी सकाळीच आणून टाकायचो. दर बुधवारी मी ऑफिसात उशिरा पोहोचतो आणि दिवसभर अंगाला कांद्याचा वास येतो.

या शाळेचे नियम पुण्याला आईला फोनवर समजावताना माझी दमछाक झाली. तासाला बसायचं की नाही हे मुलं ठरवतात. बाकीचे नियम मुलं आणि शिक्षक मिळून शुक्रवारच्या सभेत हात वर करून ठरवतात. तिथे मुख्याध्यापकांचं एक मत आणि पाचवीतल्या पोरीचंही एकच. कोणी नियम मोडला तर मुलांचीच एक समिती चौकशी करते. शिक्षकाने मोडला तरी करते. आईने विचारलं, मग शाळा नेमकी चालवतं कोण? मी म्हटलं, त्यावर अजून सभा चालू आहे.

शैलजाताई मूळच्या सांगलीच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आल्या आणि बरीच वर्षं एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होत्या. नवरा वारला, मूलबाळ नव्हतं. सगळ्यांना वाटलं की आता त्या परत जातील. त्यांनी पन्नाशीला टेकल्यावर शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं आणि या शाळेत येऊन उभ्या राहिल्या. टेस्टिंगची भाषा मात्र सुटली नाही. जे तडीस गेलं नाही ते त्यांच्या लेखी 'ओपन'. जिन्यातला दिवा गेलाय? ओपन. शेजाऱ्याने सायकल आडवी लावलीय? ओपन. घरमालकाशी हीटिंगवरून त्यांचं एक प्रकरण चालू आहे, त्यात घरमालक बदलला, प्रकरण ओपन आहे.

मुलांना सक्ती करायची नाही हा शाळेचा नियम त्यांना पूर्ण मान्य होता. पण मुलांनी गणिताला यायलाच हवं हेही त्यांना तितकंच मान्य होतं. मग त्यांनी मधला रस्ता काढला. वर्गाचं दार सताड उघडं ठेवायच्या आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात मुद्दाम चुकीचं गणित सोडवायच्या. बाहेरच्या सोफ्यावर लोळणाऱ्या पोरांपैकी एखाद्याला ते बघवायचं नाही. तो दारातून ओरडायचा, चूक आहे. शैलजाताई न वळता म्हणायच्या, "गेनाऊ, अगदी खरं. मग बरोबर काय?" तो आत येऊन खडू हातात घ्यायचा आणि तास संपेपर्यंत तिथेच असायचा. इराचं म्हणणं होतं की ही शुद्ध फसवणूक आहे. ते ती मला जर्मनमध्ये सांगायची आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच आत जाऊन बसायची.

फक्त मंगळवारचा आणि गुरुवारचा सकाळचा पहिला तास मात्र कायम रिकामा. इतक्या सकाळी मुलं सोफ्यावरसुद्धा नसत. मुख्याध्यापकांनी सुचवलं की हे तास दुपारी घ्या. शैलजाताई म्हणाल्या, नको. शुक्रवारच्या सभेत एका मुलाने रीतसर ठराव मांडला की रिकाम्या वर्गाला शिकवण्यात वीज आणि माणूस दोन्ही वाया जातात. शैलजाताई उठून म्हणाल्या की तास देणं हे माझं काम, येणं हे तुमचं, मी माझं करते आहे. ठराव पडला, पण थोडक्यात पडला.

मग एका गुरुवारी योनास नावाचा दहावीतला मुलगा खिडकीत राहिलेलं जॅकेट घ्यायला त्या वर्गात शिरला. शैलजाताई फळ्यावर लिहीत होत्या, आणि टेबलावरच्या डस्टरमागून एक बारीक आवाज आला, "पुन्हा एकदा सांगाल का?" योनासने डस्टर उचललं. मागे मोबाईल होता.

शाळेत मोबाईल चालत नाही. आल्याबरोबर दारापाशीच्या लाकडी कपाटात ठेवायचा, शिक्षकांनीही. आणि हा नियम सभेत आणला कोणी? शैलजाताईंनीच. दोन शुक्रवार भांडून त्यांनी तो मंजूर करून घेतला होता.

चौकशी जेवणघरात झाली, बुधवारी. स्वयंपाकघराची खिडकी जेवणघरात उघडते, त्यामुळे मला कांदा चिरता चिरता सगळं ऐकू येत होतं. समितीत तीन मुलं होती. अध्यक्ष मिरियम नावाची सोळा वर्षांची मुलगी. ती चौकशी चालवताना लोकर विणत होती. तिने शांतपणे विचारलं की मोबाईल वर्गात होता का. शैलजाताई म्हणाल्या, होता. बरेच दिवस? हो, बरेच दिवस. पलीकडे कोण होतं?

"ते मी सांगणार नाही," शैलजाताई म्हणाल्या. "मी शब्द दिलाय."

मिरियमने विणकाम खाली ठेवलं. तिने विचारलं की आता तरी हे बंद करणार का.

"नाही. उद्या गुरुवार आहे. उद्याही करणार. त्याची काय शिक्षा असेल ती आजच देऊन ठेवा."

माझीही सुरी थांबली होती. हाना नावाची एक मुलगी ऑक्टोबरपासून शाळेत दिसली नव्हती. माणसांत आली की तिचा जीव घुसमटायचा, घराबाहेर पाऊल टाकवत नव्हतं, डॉक्टरांचे उपचार चालू होते. हे तिथल्या सगळ्या मुलांना ठाऊक होतं. एकानेही तिचं नाव घेतलं नाही.

समिती बाजूला जाऊन बोलली आणि परत आली. नियम मोडल्याबद्दल शैलजाताईंनी आठवडाभर जेवणानंतरची भांडी घासायची. मोबाईलचा नियम सर्वांना लागू राहील. मात्र, मिरियम म्हणाली, नियम मोबाईलचा आहे. ऑफिसमधल्या टेबलावर जो वायरचा जुना फोन आहे, त्याबद्दल नियमात एक अक्षरही नाही.

दुसऱ्या दिवशीपासून ऑफिसमधून एक लांबलचक वायर निघून, कॉरिडॉरच्या कडेने, सोफ्याखालून गणिताच्या वर्गात जाऊ लागली. मुलं तिला ओलांडून चालायची. शैलजाताई टेबलावर रिसीव्हर आडवा ठेवून शिकवायच्या. वर्ग मात्र रिकामा राहिला नाही. आधी योनास आला, मग मिरियम विणकाम घेऊन, मग आमची इरा भल्या पहाटे स्वतःहून उठायला लागली, आणि मृणालला, म्हणजे माझ्या बायकोला, तिला ताप आहे की काय असं वाटलं. आत येणारा प्रत्येक जण बसायच्या आधी रिसीव्हरला 'गुटन मॉर्गन' म्हणायचा. कोणीही त्याला नावाने हाक मारत नसे.

भांडी शैलजाताईंनी आठवडाभर घासली. समितीच्या मुलांनी मदत देऊ केली तर त्यांना हाकलून लावलं. शिक्षा माझी आहे, म्हणाल्या.

मार्चमधल्या एका मंगळवारी हाना आली. आईने फाटकापर्यंत सोडलं, पुढे ती एकटी चालत आली, वायरच्या कडेकडेने, आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली. इरा सांगत होती की शैलजाताईंनी तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांनी रिसीव्हर उचलून जागेवर ठेवला आणि आदल्या तासाच्या गणितापासून सुरुवात केली. फक्त त्या दिवशी त्यांच्याकडून फळ्यावर एक चूक झाली, आणि ती मुद्दाम केलेली नव्हती.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या दाराची बेल वाजली. शैलजाताई होत्या. न कळवता आल्याबद्दल त्यांनी दोनदा माफी मागितली, सोफ्याच्या कडेवर बसल्या, चहा घेतला. मी हानाचा विषय काढला. म्हटलं, तुम्ही कमाल केलीत. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, ती आली ते तिच्या जोरावर.

मग कप खाली ठेवून सांगायला लागल्या. सकाळच्या तासाखेरीज हाना त्यांना रोज संध्याकाळी सहाला घरी फोन करायची, अडलेलं विचारायला. गणित पाच मिनिटांत संपायचं. मग ती तिच्या मांजराबद्दल बोलायची. आज ते कपाटावर चढलं, आज काहीच खाल्लं नाही. शैलजाताई तिला त्या काय शिजवतायत ते सांगायच्या. हानाला पदार्थ कळायचा नाही, पण ती विचारायची. हिवाळाभर असं चाललं होतं.

"आता ती वर्गातच विचारते," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं तिला, संध्याकाळी मैत्रिणींना फोन कर, मला नको. हेच तर हवं होतं, नाही का?"

मी हो म्हटलं.

"उत्तम झालं," त्या म्हणाल्या. "फक्त सहा वाजले की घरात फार शांत होतं हो. म्हटलं, कुणाकडे तरी जाऊन बसावं."

मृणाल आत जाऊन मेथीची जुडी आणि एक ताट घेऊन आली आणि त्यांच्यापुढे ठेवलं. शैलजाताईंनी बाह्या वर केल्या आणि पानं खुडायला लागल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, इराला मांजरं आवडतात का.