कवळी आणि ज्वारीची भाकर

दातांच्या दवाखान्यात आरसा असतो. आमच्या डॉक्टरसाहेबांनी तो काढून टाकला होता आणि मागच्या अंगणात चूल मांडली होती.

त्या चुलीवर भाकरी करायला मी होते. झाडझूड, अवजारं उकळणं हीसुद्धा माझीच कामं, पण साहेबांनी मला ठेवलं ते भाकरीसाठी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी भाकर मोडली, कडा दाबून पाहिली आणि म्हणाले, "जमलं, कांताबाई. अशीच कडक पाह्यजे."

त्यांचं म्हणणं असं, की कवळी तोंडात बसवली म्हणजे काम झालं नाही. माणसानं डॉक्टरसमोर ज्वारीची भाकर, ठेचा आणि कच्चा कांदा खाऊन दाखवला, की मग झालं. कोणी आरसा मागितला की ते चिडत. "आरशात कायले पाहता? चेहऱ्यानं जेवता काय? भाकर चावा!"

तेल्हाऱ्यात बांगड्या विकणाऱ्या जैबुनखाला जबडा धरून म्हणाल्या, "साहब, मेरेकू दात होना था, आप तो कुश्ती करा रहे!"

"खाला, अजून कांदा राह्यला," साहेब म्हणाले.

फुलं विकणारे नारायणबुवा तर चार दिवस लागोपाठ आले. रोज म्हणायचे कवळी टोचते, आणि दोन भाकरी संपवून जायचे. साहेबांनी शेवटी पकडलं. "बुवा, तुमची कवळी नाही टोचत, ठेचा बोलावते तुमाले." तरी बुवा निघाले तेव्हा साहेबच म्हणाले, "उद्या या बरं. खात्री करून घेऊ."

हे सगळं चाले दुपारी एक ते दोन. बाईसाहेब मुलींच्या शाळेसाठी अमरावतीला राहत, साहेब शनिवारी तिकडे जात. बाईसाहेबांची एकच अट होती, एक ते दोन दवाखाना बंद ठेवायचा आणि निवांत जेवायचं. साहेब अट पाळत. बरोबर एकला पुढचं दार लावत, आणि मागच्या दारानं कवळीवाल्यांना आत घेत. आपलं ताट घेऊन त्यांच्यासमोर बसत. "हे जेवण नाही, तपासणी हाय," असं मलाच बजावत.

मग कापसाची वाईट वर्षं आली. लोक दुखरा दात काढून घेत, नवा बसवत नसत. "दोन दाढा हायेत, भागते," म्हणत. एक वाजायचा, मागचं दार उघडं असायचं, पण कोणी येत नसे. साहेब पेपर धरून बसत. ताट झाकलेलं तसंच. "मंग खातो," म्हणत, आणि दोनला पुढचं दार उघडत.

त्यांना मधुमेह होता. सकाळची गोळी घेतल्यावर जेवण चुकवून चालत नसे, रक्तातली साखर एकदम उतरे. बाईसाहेबांचा फोन येई, "कांताबाई, जेवले ना ते?" साहेब माझ्याकडे पाहून मान हलवत. मी म्हणे, "हो जी, जेवले."

एका बुधवारी एका बाईची दाढ काढताना त्यांचा हात थरथरला. त्यांनी पक्कड खाली ठेवली, मागे आले आणि डब्यातली साखर तशीच तोंडात टाकली. घामानं सदरा भिजला होता. "घरी सांगू नका," म्हणाले. त्या हाताच्या भरवशावर आख्खं गाव तोंड उघडून बसायचं. तोच असा थरथरू लागला तर दवाखाना किती दिवस चालणार?

दुसऱ्या दिवशी मी दोन ताटं वाढली. पाच वर्षांत मी त्यांच्यासमोर पाणीसुद्धा प्याले नव्हते. माझं जेवण अंगणात, भिंतीकडे तोंड करून. त्या दिवशी पदर सावरून समोर बसले आणि खाली पाहत म्हणाले, "साहेब, मले डाव्या बाजूनं चावता येत नाही. पाहून घेता काय?"

"कधीपासून?"

"झाले दोन-चार दिवस."

त्यांनी पेपरची घडी केली. "चावून दाखवा."

माझे बत्तीसच्या बत्तीस दात दगडासारखे. कांदा असा करकर वाजला की मलाच लाज वाटली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एवढे जुने दातांचे डॉक्टर, त्यांना काय कळलं नसेल? मग त्यांनी आपलं ताट पुढे ओढलं, भाकर मोडली, ठेच्याला लावली. बघता बघता त्यांच्या ताटातल्या दोन्ही भाकरी संपल्या.

"असं दुखणं एका दिवसात कळत नाही, कांताबाई," ते म्हणाले. "रोज पाहावं लागन."

"जी," मी म्हणाले, आणि त्यांच्यासाठी तिसरी भाकर आणायला उठले.