सेनापतींचे ओठ

सेनापतींवरचा मूकपट हरवलेला होता तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. क्रांती झाल्या झाल्या, खुद्द सेनापतींनाच घोड्यावर बसवून काढलेला हा चित्रपट हयात असलेल्या कुणीही पाहिला नव्हता, त्यामुळे तो सर्वश्रेष्ठ असल्याबद्दल दुमत नव्हतं. त्याच्यावर प्रबंध लिहिले जात, त्याच्या नावे पुरस्कार दिले जात. चित्रपट संग्रहालयात त्याचा शोध घेणारा स्वतंत्र विभाग होता आणि चित्रपट न सापडल्याबद्दल विभागाला दरवर्षी मुदतवाढ मिळे. साहाय्यक संचालक या विभागाचे प्रमुख. माणूस पापभीरू. सकाळी वेळेवर येऊन शोध घेत बसत. संचालकपदाची बढती अगदी तोंडावर आली आणि नेमका तेव्हाच चित्रपट सापडला.

एका दंतवैद्यानं दवाखान्याचा माळा आवरताना सापडलेले गंजके डबे आणून टेबलावर ठेवले. यात कवळ्यांचे साचे तर नाहीत ना, असं साहाय्यक संचालकांनी त्याला मोठ्या आशेनं विचारलं. नव्हते.

मंत्रालयातून सोहळ्याचा आदेश आला. अडचण एवढीच होती, की संवादांच्या पाट्या कुजून गेल्या होत्या. सेनापतींनी टेकडीवर घेतलेली शपथ शाळाशाळांतून पाठ करून घेतली जाते. त्या प्रसंगात सेनापती बराच वेळ बोलत होते, तेव्हा ते तेच बोलतात याचा अधिकृत दाखला हवा होता. म्हणून ओष्ठवाचन समिती नेमण्यात आली. समितीवर अध्यक्ष होते, शपथेवर भाष्य लिहिणारे प्राध्यापक होते. ओठ वाचता येणारं तेवढं कुणी नव्हतं. साहाय्यक संचालकांनी भीतभीत आपल्या आत्याचं नाव सुचवलं.

आत्या तरुणपणी तापात ठार बहिरी झाली होती. रस्त्यापलीकडच्या गॅलरीतलं भांडण ती खुर्चीत बसून शब्दन् शब्द सांगे. आई गेल्यावर पुतण्याला तिनंच वाढवलं होतं, आणि तिच्याकडे तोंड करून बोलायचं हा त्या घरातला एकमेव नियम होता.

संग्रहालयाच्या छोट्या प्रेक्षागृहात दिवे मालवले. पडद्यावर सेनापतींनी तलवार उपसली आणि तोंड उघडलं. आत्याचा आवाज, स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा, भिंतीवर आपटत होता.

"हे घोडं आता खाली बसेल. आणि दोन्ही बूट डाव्या पायाचे कुणी आणले?"

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. हा सेनापतींचा मानवी पैलू असून त्यावर स्वतंत्र ग्रंथ होऊ शकेल, असं त्यांनी टिपून घ्यायला सांगितलं. अध्यक्षांनीही कौतुकानं मान डोलावली. इतक्यात सेनापतींनी मान किंचित वळवून, मागे दाटीवाटीनं उभ्या असलेल्या प्रतिष्ठितांकडे तलवारीचं टोक केलं.

"हे मागचे कोण? लढाईत यांना मी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण समोरच्या बाजूला. त्या मिशाळ जाड्यानं तर शत्रूला पीठ पुरवलंय. कॅमेरा आला तशी सगळी धावत आली. आधी हाकला यांना."

मिशाळ जाड्या हे अध्यक्षांचे आजोबा होते. त्यांचा पुतळा संग्रहालयाच्या दारातच होता. पडद्यावर त्यांच्या शेजारी उभे होते ते मंत्र्यांचे पणजोबा.

समितीनं अहवाल दिला. ओष्ठवाचन अचूक होतं. चूक ओठांची होती. शपथेचा अधिकृत मजकूर पाठ्यपुस्तकात उपलब्ध असताना सेनापतींनी त्यापासून फारकत घेतल्याचं दिसतं, सबब त्यांना दुरुस्त करण्यात यावं, असं अहवालात म्हटलं होतं. एका भारदस्त नटाच्या आवाजात शपथ ध्वनिमुद्रित करण्याचं ठरलं. मग तो मूकपट कसा राहील, ही शंका प्राध्यापकांनीच फेडली. गप्प राहण्याचं काम सेनापतींचं आहे आणि ते तर गप्पच राहणार आहेत.

उरली आत्या. तिनं यापुढे तोंड उघडू नये हे तिला समजावण्याची जबाबदारी पुतण्यावर आली आणि बढतीचा आदेश तेवढ्यासाठी अडकवून ठेवण्यात आला.

ते घरी आले तेव्हा आत्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ते खिडकीपाशी गेले, तिच्याकडे पाठ केली आणि रस्त्याकडे बघत सगळं सांगून टाकलं. पाहिलंस ते विसरून जा, माझ्या आयुष्यभराच्या नोकरीचा प्रश्न आहे, कुणी विचारलं तर आठवत नाही म्हण. संबंधितांना कळवण्यात आलं आहे, असं आता त्यांना खोटं न बोलता लिहिता येणार होतं.

"कान लाल झालेत तुझे," मागून आत्या म्हणाली. "काहीतरी लाजिरवाणं बोलतोयस."

ते वळले नाहीत.

सोहळ्याला ते संचालक म्हणून पहिल्या रांगेत होते आणि कुटुंबीयांच्या पासावर आत्या शेजारी होती. टेकडी आली, तलवार निघाली, नटाचा आवाज घुमला. सगळं प्रेक्षागृह ताडकन उभं राहिलं आणि त्या आवाजाबरोबर शपथ म्हणू लागलं. कित्येकांचे डोळे पाणावले. सेनापती काय म्हणतात ते आत्याला ठाऊकच होतं, म्हणून लोक काय म्हणतायत ते बघायला ती पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. रांगेमागून रांग तिनं नीट वाचून काढली. मग नट श्वास घ्यायला थांबला, तेव्हा तिचा आवाज पार शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला.

"अरे, दोन ओळींच्या पुढे कुणालाच येत नाही. सगळे नुसते ओठ हलवतायत. हे मंत्री तर पाढे म्हणतायत."

एवढं बोलून तिनं पुतण्याकडे पाहिलं. "तूसुद्धा रे बाळ."

संचालकांचा हात आपोआप तोंडावर गेला. मग मंत्र्यांचा, अध्यक्षांचा, आणि एकेक रांग करत सगळ्या प्रेक्षागृहाचा. उरलेली शपथ तशीच पार पडली.

पुढच्याच आठवड्यात परिपत्रक निघालं, की शपथ म्हणताना उजवा हात ओठांवर ठेवावा. ती सेनापतींविषयीच्या आदराची खूण आहे. तुम्हालाही शाळेत तसंच शिकवलं असेल आणि इतकी वर्षं तुम्हीही ती आदरानं तशीच म्हणत आला असाल. आत्ता तुमच्याकडे कुणी बघत नाहीये. हात बाजूला घ्या आणि तिसरी ओळ म्हणा बघू.