पिवळ्या पाइनची शोधमोहीम

लाकडातलं मला कळतं! लोक आंबा पारखतात, मी फळी पारखतो.

बायको सोमवारपासून शिवणाचा क्लास सुरू करणार होती. वर्षानुवर्षं मनात घोळवलेली गोष्ट! कापड बेतायला लांबलचक टेबल हवं होतं. सुतार म्हणाला, "साधं पाइन घ्या, कुठेही मिळतं."

"कुठेही मिळतं ते आपण का घ्यायचं?" मी म्हणालो. "पिवळं, जड, दाट रेषांचं पाइन आणतो. बघतच राहाल!"

"अहो, फक्त सोमवारच्या आत आणा," बायको म्हणाली.

निघालो. पहिला दुकानदार म्हणाला, "पाइन म्हणजे पाइन! त्यात पिवळं-हिरवं काय? मिरची आहे का?" दुसऱ्याने प्लायवूडवर चिकटवलेला पाइनचा कागद दाखवला. तिसऱ्याने पिवळा रंगच पुढे केला. दुपारपर्यंत माझा चेहरा पिवळा पडला, पाइन काही मिळेना!

शेवटी गावाबाहेर एक वखार सापडली. मालक आडदांड, आवाज करवतीच्या वर चढणारा. माझी मागणी ऐकून तो खूश झाला. "म्हणजे चीड! आमचे वडील या लाकडाला चीडच म्हणायचे. जुन्या गोदामाच्या तुळया पडल्यात मागे. खास पिवळी. कोणी विचारत नाही हो!"

मी आनंदाने घरी फोन लावला. मागे करवत किंचाळत होती. "अगं, गावाबाहेरच्या वखारीत आहे मी! इथल्या मालकाकडे जुनी चीड आहे! कित्येक वर्षं साठलेली! आज सगळी बाहेर काढतोय, माझ्यासाठी!"

"काय? तुम्ही त्याचं काय वाकडं केलंत?"

"वाकडं? छे! एकदम सरळ आहे! तासून काढणार आहे तो!"

फोन बंद पडला. बॅटरी संपली होती.

थोड्याच वेळात वखारीच्या फाटकातून धुळीचा लोट आत आला. त्यातून मोटारसायकल निघाली आणि मोटारसायकलवरून माझा मेहुणा. हा पठ्ठ्या रोज व्यायामशाळेत जातो आणि दारातून तिरका आत येतो.

"भाऊजी, मागे व्हा!" तो गरजला. "कोणाला आहे चीड?"

"माझ्याकडे आहे!" मालक छाती फुगवून म्हणाला. "हवी तेवढी आहे! या मागच्या बाजूला, दाखवतो!"

मेहुण्याने बाह्या सरसावल्या. मी दोघांच्या मध्ये पडायला धावलो, तर भुशावर घसरून खरंच मध्ये पडलो! दोघांनी मला उचललं आणि मेहुण्याची नजर तुळयांवर गेली. रंध्याचा एक हात फिरलेली तुळई मधासारखी चमकत होती. राळेचा वास दरवळत होता.

"ही चीड?" मेहुणा म्हणाला. "ताई तिकडे रडतेय!"

मालक इतका हसला की करवत बंद करावी लागली. त्याच्या फोनवरून मी बायकोला धडधाकट असल्याचं कळवलं. तुळया चिरून झाल्यावर मेहुण्याने एकट्याने फळ्या टेम्पोत चढवल्या. तेवढ्यासाठी तरी गैरसमज फायद्याचा ठरला!

रविवारी सुताराने अंगणात टेबल जोडलं. काय देखणं टेबल! बायको, मेहुणा, सुतार आणि मी, अशा चौघांनी ते उचललं, दारापर्यंत नेलं आणि थांबलो. आडवं जाईना, उभं जाईना, तिरकंही जाईना.

"दाराचं माप?" सुताराने विचारलं.

"टेबलाचं घेतलं होतं," मी म्हणालो.

बायकोने टेबलाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहायचं टाळलं. मग फळीवरून हात फिरवत म्हणाली, "राहू दे. क्लास अंगणातच घेते."

सोमवारी दोघीच आल्या. पण अंगण पडलं रस्त्याला लागून! येणारी-जाणारी प्रत्येक बाई फाटकाशी थबकायची. "टेबल कुठून हो आणलंत?" असं विचारत आत यायची आणि नाव नोंदवूनच जायची. महिन्याभरात सकाळ-संध्याकाळ दोन वर्ग भरले!

परवा सगळ्याजणींनी अंगणावर छप्पर घालायचं ठरवलं. मी लगेच पुढे सरसावलो. "लाकडी घालू! एक फार दुर्मिळ जात..."

पत्र्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. मतदान चालू असताना मला चहा करायला आत पाठवलं होतं.